रुळांना सूट द्या, रुळांकाठच्या दुकानांना नको

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
आणि
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक (डीआरएम), मध्य रेल्वे, पुणे विभाग

विषय: रेल्वे आणि वीज-दूरसंचार कंपन्यांच्या जागांची मिळकतकर आकारणी

स. न. वि. वि.

एप्रिल लागला की मिळकतकराची बिलं येतात आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटतो. बिल का वाढलं, सवलत कुठे गेली, मे संपायच्या आत भरलं तर किती वाचतात, हे सगळं झालं की शेवटी कुणीतरी लिहितोच: "आमच्या मागे कशाला लागता? आधी रेल्वेकडून वसूल करा. एवढी जमीन फुकटात धरून बसलेत." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो.

मी घोरपडीत राहतो. एका बाजूला सोलापूरची लाइन, दुसऱ्या बाजूला मिरजेची. नोकरीची सगळी वर्षं हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे असं वाक्य वाचलं की आकडा शोधायची सवय आहे. या प्रश्नात आकडे कमी आणि आवाज जास्त आहे. रेल्वेवर जबर कर लावा म्हणणारे अर्धे बरोबर आहेत आणि रेल्वेला हात लावता येत नाही म्हणणारेही अर्धेच बरोबर आहेत. आपण दोघंही एकाच शहरात बसता, म्हणून हे पत्र दोघांना मिळून.

आधी कायदा. राज्यघटनेच्या कलम 285 प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या कुठल्याही संस्थेला कर लावता येत नाही. संसदेनं वेगळं ठरवलं तर गोष्ट निराळी. रेल्वे कायदा 1989 चं कलम 184 त्याच्या पुढे जाऊन सांगतं की केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय रेल्वे प्रशासन स्थानिक संस्थेचा कोणताही कर द्यायला बांधील नाही. ही तरतूद नवी नाही. 1890 च्या इंग्रजी अमदानीतल्या रेल्वे कायद्यातूनच ती पुढे आली आहे.

घटनेच्या त्याच कलमात एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे. घटना लागू होण्याआधी एखाद्या मालमत्तेवर जो स्थानिक कर लागत होता, तो संसद थांबवेपर्यंत पुढे चालू राहू शकतो. घटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली आणि आपली महापालिका स्थापन झाली 15 फेब्रुवारी 1950 ला. वीस दिवसांचा फरक! अर्थात त्याआधी इथे नगरपालिका होत्याच, आणि खंडाळा ते पुणे रेल्वे 1858 पासून धावत होती. तेव्हा जुन्या नगरपालिकेच्या दप्तरात रेल्वेच्या कुठल्या इमारतीवर काय कर होता, हे बघायला कुणीतरी एकदा अभिलेख कक्षात बसायला हवं. फार काही हाती लागेल असं नाही, पण बघितलंच नाही असं तरी व्हायला नको.

आता लोकांना बहुधा माहीत नसलेला भाग. राजकोट महापालिका विरुद्ध केंद्र सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2009 मध्ये तोडगा नोंदवला आणि त्याच डिसेंबरात केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं तसं परिपत्रक काढलं. मिळकतकर नाही, पण सेवाशुल्क द्यायचं. महापालिकेच्या सगळ्या सेवा वापरल्या जात असतील तर सर्वसाधारण मालकाला लागणाऱ्या मिळकतकराच्या 75 टक्के, फक्त काही सेवा वापरल्या जात असतील तर 50 टक्के आणि कुठलीच वापरली जात नसेल तरी 33⅓ टक्के. केंद्राच्या प्रत्येक खात्यानं त्यासाठी महापालिकेशी करार करायचा. आणि खात्यानं थकवलं तर महापालिकेनं पाणी तोडणं किंवा जप्ती असले मार्ग न वापरता कायद्यातल्या इतर वाटांनी वसुली करायची.

म्हणजे ज्या इमारतीला माझ्यासारख्याला 1,00,000 रुपये बिल आलं असतं, तिच्यासाठी केंद्राच्या खात्यानं 75,000, 50,000 किंवा निदान 33,333 रुपये द्यायचे. "रेल्वे एक पैसा देणं लागत नाही" हे वाक्य 2009 पासून चूक आहे. "रेल्वेकडून पूर्ण वसूल करा" हेही चूकच.

खरी मारामारी सुरू होते ती इथून पुढे. कुठली सेवा "वापरली" हे ठरवायचं कुणी? रेल्वेची स्वतःची वसाहत आहे, स्वतःचं रुग्णालय आहे, आतले रस्ते ती स्वतः करते, झाडलोट तिचीच. त्यामुळे रेल्वे म्हणणार, आम्ही तुमचं काही वापरत नाही, तिसरी, 33⅓ टक्क्यांची पायरी लावा. पण वसाहतीचं सांडपाणी फाटकाशी थांबत नाही. भैरोबा नाला वानवडीकडून येतो, रुळांखालून जातो आणि कोरेगाव पार्कच्या बाजूनं नदीला मिळतो. रुळांच्या अलीकडे त्यात जे पडतं त्याचा त्रास पलीकडच्यांना होतो, आणि पावसाळ्यात रुळांखालची मोरी तुंबली की पाणी कुणाच्या हद्दीत साचलं यावर दोन खात्यांची पत्रापत्री होते. आग लागली की बंब कुणाचे येतात? स्टेशनच्या दारापर्यंत रोज जी हजारो माणसं येतात ती कुठल्या रस्त्यानं येतात, आणि त्यांचा कचरा कोण उचलतं? आपल्या बिलावर सफाईपट्टी, जलनिस्सारण लाभकर, अग्निशामक कर, पथकर असे वेगवेगळे रकाने आहेतच. रेल्वेच्या एकेका इमारतीपुढे तेच रकाने मांडून, दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी जागेवर उभं राहून खुणा कराव्यात. कुठे 75 येईल, कुठे 33⅓. सगळ्या रेल्वेला सरसकट एकच पायरी लावणं हा आळस आहे, मग तो कुणाच्याही बाजूचा असो.

दुसरा कठीण प्रश्न मूळ रकमेचा. टक्केवारी ठरली, पण ती कशाची टक्केवारी? पुण्यात आकारणी अजून वार्षिक करपात्र रकमेवर होते, म्हणजे ती जागा भाड्यानं दिली तर वर्षाला काय मिळेल या अंदाजावर. मुंबईनं 2010 मध्ये भांडवली मूल्य, म्हणजे जागेच्या किमतीवरची आकारणी, स्वीकारलं, आपण नाही. आपल्या पद्धतीत जुन्या इमारतीला जुना दर चिकटून राहतो आणि नव्याला नवा लागतो. म्हणून एकाच गल्लीत, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या दोन सदनिकांना वेगवेगळी बिलं येतात. आता पुणे स्टेशनची मुख्य इमारत 1925 ची आहे. तिची करपात्र रक्कम कुठल्या सालच्या दरानं काढायची? आजचा दर लावला तर शेजारच्या जुन्या वाड्यापेक्षा रेल्वेला वेगळा न्याय होतो आणि रेल्वे योग्यच तक्रार करेल. जुना दर लावला तर आकडा इतका लहान येईल की त्याच्या 75 टक्क्यांत फाटकासमोरचा रस्ताही झाडून होणार नाही. महापालिकेनं एकदाच नियम ठरवून जाहीर करावा आणि तो जुन्या वाड्यालाही तसाच लावावा.

प्रत्यक्ष रुळांचं काय? इथे माझं मत ग्रुपवरच्या मंडळींना आवडणार नाही. रुळांखालच्या आणि यार्डातल्या जमिनीवर आकारणी वाढवायचा नाद सोडावा. शिवाजीनगर ते घोरपडी ही पट्टी रेडी रेकनरच्या दरानं मोजली तर आकडा बघून डोळे पांढरे होतील. पण ती पट्टी भाड्यानं घेणार कोण? तिच्यावर गाडीशिवाय दुसरं काही होत नाही. बाजारभाव असायला गिऱ्हाईक लागतं.

अमेरिकेचं उदाहरण यासाठीच बघण्यासारखं आहे. तिथे मालगाड्यांचे मोठे मार्ग खासगी कंपन्यांचे आहेत आणि त्या कंपन्या स्थानिक मिळकतकर भरतात. त्यामुळे आकारणी वाढली की कोर्टकचेरी ठरलेली. 1886 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सांता क्लारा काउंटीचा खटला गाजला. रुळांकाठचं कुंपण रेल्वेच्या मालमत्तेत धरून आकारणी केली होती, त्यावरून! गावोगावच्या करनिर्धारकांनी आपापल्या हद्दीतला तुकडा मनाला येईल तसा मोजू नये म्हणून पुढे बऱ्याच राज्यांत संपूर्ण रेल्वेचं मूल्य राज्य पातळीवर एकत्र काढून मग वाटून देण्याची पद्धत आली. तरी रेल्वेवर इतर व्यापारी मालमत्तेपेक्षा जास्त बोजा पडतो अशी ओरड राहिलीच, म्हणून 1976 च्या केंद्रीय कायद्यानं तसं करायला मनाई केली. त्याच कायद्याखाली जॉर्जिया राज्याविरुद्ध सीएसएक्स या रेल्वे कंपनीनं दावा केला होता. राज्यानं मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि बिल एकदम वाढलं. 2007 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनी नुसत्या आकड्यालाच नव्हे, मूल्य काढण्याच्या पद्धतीलाही आव्हान देऊ शकते. जिथे रेल्वेला करमाफी नाही तिथेही रुळांची किंमत सव्वाशे वर्षांत निर्विवाद ठरली नाही. आपण ती वाट धरली तर वकिलांची चांदी होईल, शहराला रस्ते मिळणार नाहीत.

पण रूळ वेगळे आणि रुळांच्या नावाखाली चालणारा धंदा वेगळा. डीआरएम साहेब, हा भाग मुख्यतः आपल्यासाठी.

रेल्वेच्या मोकळ्या जमिनीचा व्यापारी विकास करायला रेल लँड डेव्हलपमेंट अथॉरिटी नावाची स्वतंत्र संस्था आहे. ती देशभर भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देते. त्याशिवाय स्टेशनांच्या आवारात वाहनतळाचे ठेके आहेत, दुकानं आणि गोदामं आहेत, जाहिरात फलक आहेत. यातून उत्पन्न मिळवण्याला माझी काहीच हरकत नाही, रेल्वेलाही पैसा लागतोच. पण जो ठेकेदार तिथे नफ्यासाठी बसला आहे तो काही केंद्र सरकार नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 139 नुसार जागा थेट सरकारकडून घेतलेली असेल तर मिळकतकराची पहिली जबाबदारी प्रत्यक्ष भोगवटादारावर, म्हणजे जागा वापरणाऱ्यावर येते. मग रुळांच्या या बाजूचा दुकानदार व्यापारी दरानं पूर्ण बिल भरणार आणि भिंतीपलीकडचा, रेल्वेच्या आवारातला, तोच माल विकून सुटणार, हे कुठल्या हिशेबात बसतं? आयुक्त साहेब, प्रश्न आपल्यालाही आहे. अशा भोगवटादारांपैकी किती जणांची कर आकारणी विभागात नोंद झाली आहे, हे शहराला सांगा.

जाहिरात फलकांबाबत तर पुण्यानं किंमत मोजली आहे. रेल्वे कायद्याचं कलम 185 जाहिरातींवरच्या स्थानिक करातूनही रेल्वे प्रशासनाला मोकळं ठेवतं. 5 ऑक्टोबर 2018 ला जुना बाजार चौकात फलकाचा लोखंडी सांगाडा काढायचं काम चालू असताना तो सिग्नलला थांबलेल्या रिक्षांवर कोसळला. चार माणसं गेली. सांगाडा रेल्वेच्या जागेतला, रस्ता शहराचा. कर आणि परवाना हे दोन वेगळे विषय आहेत हे मला कळतं. पण ज्या जागेची महापालिकेच्या दप्तरात नोंद नसते त्या जागेकडे महापालिकेचा निरीक्षकही फिरकत नाही, आणि कर आकारणीच्या निमित्तानं निदान कुणीतरी टेप घेऊन जातं.

त्याच्या आठवडाभर आधी, 27 सप्टेंबरला, दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली होती आणि जनता वसाहतीतले संसार वाहून गेले होते. तो कालवा पाटबंधारे खात्याचा, म्हणजे राज्याचा. तेव्हा उंदीर आणि घुशींवर खापर फुटलं होतं. पुण्यात कालव्याच्या काठची जमीन कुणाच्या ताब्यात आणि देखभाल कुणाच्या खर्चानं, हा याच पत्राचा चुलतभाऊ असलेला प्रश्न आहे. त्यावर इथे लांबण लावत नाही.

वीज कंपन्यांचा मुद्दा रेल्वेपेक्षा सोपा आहे आणि म्हणूनच त्यात घोळ व्हायला नको. जून 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या. कंपनी सरकारी मालकीची असली तरी ती म्हणजे सरकार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा उपकेंद्रं, कार्यालयं, गोदामं यांना आकारणी लागायलाच हवी, चर्चा फक्त दराची. तिथेही हात राखून. महावितरणचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि तो तिच्या एकाच गटातल्या ग्राहकांना सगळीकडे सारखा असतो. पुण्यातल्या उपकेंद्रावरचा कर आपण दुप्पट केला तर तो खर्च शेवटी दरात शिरणार आणि नंदुरबारचा ग्राहकही पुण्याच्या रस्त्यांचे पैसे भरणार. पुणेकरांना यात काही गैर वाटणार नाही अशी शंका आहे, पण वाटायला हवं.

मोबाइल टॉवरवर मिळकतकर लावता येतो हे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. आता 2023 चा दूरसंचार कायदा म्हणतो की जागेवर बसवलेलं दूरसंचाराचं जाळं हे मालमत्ता करासाठीही त्या जागेचा भाग धरायचं नाही. म्हणजे हा वाद पुन्हा कोर्टात जाणार. 2016 च्या भरवशावर उत्पन्नाचे मोठे आकडे अंदाजपत्रकात धरू नका, एवढंच.

महापालिकेकडे परत येतो. सामान्य मिळकतधारकाशी आपला व्यवहार कसा चालतो हे आठवून बघा. स्वतः राहणाऱ्या मालकाला 40 टक्के सवलत 1970 च्या ठरावानं मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्यानं ती काढली, आणि 2023 मध्ये परत दिली. पण ती परत मिळवायला पीटी-3 हा सवलतीचा अर्ज भरा, पुरावे जोडा, रांगेत उभे राहा. ज्यानं अर्ज केला नाही त्याचं बिल वाढूनच आलं. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. लेखापरीक्षकाला माझ्या वन बीएचकेतली सवलत दिसते. मग केंद्राच्या खात्यांचं सेवाशुल्क, त्याची पायरी, त्याचा करार, त्याची थकबाकी हे सगळं त्याच डोळ्यांनी कधी तपासलं गेलं, तो अहवाल कुठे आहे? केंद्राच्या खात्यावर जप्ती आणता येत नाही हे मान्य. यादी प्रसिद्ध करायला कुणी अडवलं आहे?

आणि डीआरएम साहेब, रेल्वेची बाजूही याच यादीत यावी. रुळांखालून पाण्याची किंवा ड्रेनेजची वाहिनी न्यायची तर रेल्वे महापालिकेकडून वे-लीव्ह शुल्क घेते. उड्डाणपुलाचे खांब रेल्वेच्या जागेत यायचे तर परवानग्या आणि देखरेखीचे पैसे लागतात. घोरपडीच्या फाटकांवरच्या पुलांना किती वर्षं लागली ते फाटकात गाडी बंद करून बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन सार्वजनिक संस्था एकमेकींना बिलं पाठवतात आणि दोन्ही बिलांचे पैसे शेवटी आम्हीच देतो, एकदा करातून आणि एकदा तिकिटातून. मग शहर रेल्वेचं किती लागतं आणि रेल्वे शहराचं किती, हे वर्षातून एकदा एका कागदावर समोरासमोर का येत नाही?

मला हवं आहे ते एवढंच. शहरातल्या केंद्राच्या, राज्याच्या आणि वीज-दूरसंचार कंपन्यांच्या प्रत्येक मिळकतीची नोंदवही महापालिकेच्या संकेतस्थळावर लावा. मिळकत कुठली, क्षेत्रफळ किती, करपात्र रक्कम कुठल्या सालच्या दरानं काढली, 75, 50 की 33⅓, करार झाला आहे की नाही आणि बाकी किती. रेल्वेच्या आवारातल्या व्यापारी भोगवटादारांचं पान वेगळं ठेवा, आणि रूळ, फलाट, यार्ड त्यातून बाहेर. ही नोंदवही पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी यावी. तोवर निवासी करात वाढ सुचवणारा प्रस्ताव आला तर मी त्यावर लेखी हरकत घेणार आहे आणि आमच्या भागातल्या सोसायट्यांनाही घ्यायला सांगणार आहे.

संयुक्त मोजणी संगम पुलापासून सुरू करून घोरपडी यार्डापर्यंत आणावी असं सुचवतो. या पट्ट्यात स्टेशन, वसाहत, गोदामं, फलक, नाले सगळंच येतं, त्यामुळे नियम एकदा इथे बसला की हडपसर आणि खडकीकडे नुसता लावायचा. मोजणीची तारीख आधी जाहीर केली तर आम्ही रहिवासीही येऊ. नाल्यांच्या मोऱ्या कुठे आहेत ते आम्हाला नकाशापेक्षा बरं माहीत आहे.

कळावे,
आपला,
घोरपडीतला एक मिळकतकरदार